हवालदारासाठी कडवं

माझ्या नवऱ्याला बँडच्या गर्दीत सगळे हवालदार म्हणायचे. पोलिसांशी त्याचा संबंध एवढाच की एकदा त्याची सायकल चोरीला गेली होती आणि ती सापडली नाही. तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, घरी आल्यावर हात धुवायला अर्धा साबण संपवायचा आणि एरवी मुंगीच्याही वाटेला जायचा नाही. पण गाण्याच्या मैदानात कोणी मोबाइल वर काढलेला दिसला, की हा गर्दी कापत जायचा आणि त्या माणसाचा हात स्वतःच्या हाताने खाली करायचा. समोरचा कितीही धिप्पाड असो. दोनदा मार खाल्लाय त्याने, आणि दोन्ही वेळा घरी येऊन मला वर ऐकवलंय की मोबाइल मात्र खाली गेला.

त्याला कारण होतं. आम्ही जिथे तिथे ऐकायला जायचो, त्या आमच्या बँडचं एक गाणं कधीच रेकॉर्ड झालं नाही. ते नेहमी कार्यक्रमाच्या अखेरीस व्हायचं, म्हणून आम्ही त्याला नुसतं ‘शेवटचं’ म्हणायचो. त्यातलं अखेरचं कडवं गायक दर वेळी नवं म्हणायचा. त्या दिवशी सुचलेलं, त्या गर्दीपुरतं, पुन्हा कधी नाही. गायकाचा आवाज इतका घोगरा होता की त्याला आम्ही कावळा म्हणायचो, आणि ते प्रेमानेच. तर कोणा दीडशहाण्याने एकदा ते गाणं मोबाइलवर घेतलं आणि सगळीकडे वाटलं. पुढच्या कार्यक्रमाला कावळ्याला पहिल्या रांगेत मोबाइल दिसला. त्याने गिटार खाली ठेवली आणि चालता झाला. त्यानंतर कितीतरी दिवस ‘शेवटचं’ झालंच नाही. आम्ही घरात सुतक असल्यासारखे वावरत होतो.

मग हवालदाराने नियम केला. ‘शेवटचं’ सुरू झालं की मोबाइल खाली. संपलं की टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, थोडा वेळ सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, म्हणजे कडवं डोक्यात बसतं. आणि जो येऊ शकला नाही, त्याला आलेल्याने समोर बसून सांगायचं. लिहून नाही, फोनवर नाही, तोंडाने. हा नियम त्याने कुठे चिकटवला नव्हता. पण बोलता बोलता तो पसरला, आणि आम्ही कधी न पाहिलेली पोरंसुद्धा तो पाळायला लागली. कावळ्याने ‘शेवटचं’ पुन्हा सुरू केलं.

आमचं लग्नही त्या नियमाचीच करणी. ताप आला म्हणून माझा एक कार्यक्रम चुकला, तर हा कोण कुठला माणूस माझ्या मैत्रिणीकडून पत्ता काढून घरी हजर. आईने विचारलं, "कोण गं हा?" मी म्हटलं, "कोणी नाही, कडवं सांगायला आलाय." आईचा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही, आणि पुढे जे झालं ते बघता तिचंच बरोबर होतं.

एवढं सगळं सांगितलं, कारण त्याशिवाय मेळ्यात मी काय करून बसले ते कळायचं नाही.

हवालदाराची फुप्फुसं गेली होती, आणि तो इस्पितळात पडून होता. डॉक्टर आधी महिन्यांची भाषा बोलायचे, मग आठवड्यांची बोलायला लागले, आणि हल्ली विचारलं की नुसतं त्याच्या पायावरचं पांघरूण नीट करायचे. मी तयार कपड्यांच्या दुकानामागे मशीनवर बसते. लोकांच्या पँटी आखूड करणं, कमरा आत घेणं, हे माझं काम. त्याचे पायजमे मी इतक्या वेळा आत घेतले होते की शेवटी नाडीच घातली आणि विषय संपवला. त्याच सुमारास रेडिओवर बातमी आली. ड्रमवाला वारला होता, कावळ्याचं वय झालं होतं, बँड आता थांबणार होता. शेवटचा कार्यक्रम गावाबाहेरच्या मेळ्यात, भरदुपारी.

"तू जा," हवालदार म्हणाला. नाकात नळी, बोलायला दम पुरत नव्हता. "ऐक. आणि येऊन सांग."

"तुला टाकून मी कुठेही जाणार नाही."

"अगं, मी काय पळून जातोय?"

तो हसला आणि खोकला, आणि त्या खोकल्यात सगळी हौस निघून गेली. पण नजर हटेना. मी हो म्हटलं. मनात मात्र माझं वेगळंच शिजत होतं. आयुष्यभर याने दुसऱ्यांचे मोबाइल खाली करायला लावले. हा पडून राहणार आणि मी एकटीने उभं राहून शेवटचं ‘शेवटचं’ ऐकायचं? माझ्या तोंडून त्याला काय मिळणार, कोरडं कडवं. गिटार नाही, कावळ्याचा आवाज नाही. मी नणंदेला बाजूला घेतलं.

"मी मेळ्यातून फोन करीन. तू उचल आणि त्याच्या कानाला लाव. आधी सांगू नकोस."

नणंदेचा चेहरा पडला. "वहिनी, पण दादाला चालेल का हे?"

"दादाला विचारतंय कोण? नियम गेला खड्ड्यात. त्याला ते गाणं ऐकायचंय, आणि ते तो ऐकणार."

मेळा बघून माझा जीवच बसला. आमच्या बँडने एके काळी मोठमोठी मैदानं भरली होती. इथे एका बाजूला ट्रॅक्टर आणि फवारणीचे पंप मांडलेले, दुसऱ्या बाजूला बंदुकीने फुगे फोडायचं दुकान, मागे आकाशपाळणा, आणि मध्ये एक लाकडी मंच. पाण्याचा टँकर गळत होता, त्यामुळे मंचापुढे नुसता चिखल. आभाळ भरून आलेलं, पण पडेल तर शपथ. लाउडस्पीकरवरून एक बाई सांगत होती की निळा शर्ट घातलेलं मूल सापडलंय, पालकांनी येऊन घेऊन जावं. मधूनच ती सांगायची की बँडनंतर लगेच सगळ्यात मोठ्या भोपळ्याचं बक्षीस आहे, कोणी जाऊ नये. म्हणजे बरेचसे लोक भोपळ्यासाठीच जागा धरून होते.

आमची माणसं पुढे होती. मूठभर. केस पिकलेली, पोटं सुटलेली, जुने काळे टी-शर्ट ताणून घातलेली. पोस्टमन भेटला. तो खरोखर टपाल वाटायचा, आता निवृत्त झाला होता. त्याने हवालदाराचं विचारलं. मी म्हटलं, "बरा आहे." का म्हटलं कोण जाणे. त्या चिखलात उभं राहून खरं बोलायची इच्छाच झाली नाही. तो मागे बाकड्यावर जाऊन बसला, त्याचे गुडघे धड नव्हते. मी तशीच पुढे घुसले, मंचाच्या डाव्या अंगाला, नव्या पोरांच्या घोळक्यात. तिथे मला कोणीही ओळखत नव्हतं, आणि मला तेच हवं होतं.

कावळा आला आणि खुर्चीवर बसला. त्याच्या कोटाची खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. माणूस आतून आटला की कोट असा उतरतो, हे मला कोणी सांगायला नको. ड्रमच्या जागी कोणीतरी नवखा होता, तो घाईघाईने बडवत होता. जुनी गाणी झाली. आम्ही म्हटली, मागचे लोक कंटाळून लाह्या खात राहिले. एका गाण्यात कावळ्याचा सूर लागलाच नाही, त्याने हात हलवून ते अर्ध्यावर सोडून दिलं. मला त्याचा राग आला नाही. मला सगळ्याचाच राग आला होता. वयाचा, टँकरचा, भोपळ्याचा. ज्याने ही दुपार खरी कमावली होती, तो तिकडे खाटेवर पडला होता, आणि इथे एक माणूस पाळण्याच्या तिकिटांवरून भांडत होता.

मग गिटारचे ते चार सूर आले. ‘शेवटचं’. भोवतालचे हात आपोआप खाली गेले, खिशातले मोबाइल बंद झाले. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसून आठवण केली. आणि मी माझा मोबाइल बाहेर काढला.

नणंदेने लगेच उचलला. "लाव कानाला," मी म्हटलं, आणि मोबाइल डोक्याच्या वर धरला. कावळ्याने पहिली ओळ म्हटली. त्याला ऐकू जातंय, माझ्या हवालदाराला ऐकू जातंय, एवढंच डोक्यात होतं. त्या क्षणी मी सुखात होते, खोटं कशाला बोलू.

"फोन खाली!"

माझ्या शेजारी एक दाढीवाला तरुण उभा होता. तिशीतला असेल. "ओ ताई, फोन खाली करा. तो बघेल. तो थांबेल."

"थांबत नाही. तू गप्प उभा राहा."

"ताई, नियम आहे!"

"मला नियम शिकवतोस? नियम कोणाचा आहे माहीत आहे का तुला?"

त्याला काय माहीत असणार. त्याने हात वर केला, माझ्या मनगटाला धरलं आणि मोबाइल काढून घेतला. अगदी हवालदार घ्यायचा तसा. उद्धटपणे नाही, नेटाने. बोटाने दाबून बंदही केला. मी त्याच्या अंगावर धावून गेले. तो म्हणत होता, "गाणं झालं की देतो, आईशप्पथ देतो," आणि मी त्याच्या हाताला लोंबकळत होते. ओढाताणीत मोबाइल निसटला आणि चिखलात गेला. मी खाली बसले. पायच पाय. कोणाचा तरी बूट माझ्या बोटांवर पडला. मी चिखल उपसत होते, शिव्या देत होते, रडत होते, आणि वर कुठेतरी गाणं चालू होतं. माझ्या कानात नुसता धडधडाट होता, त्यातला ड्रमचा कुठला आणि माझ्या छातीतला कुठला ते कळत नव्हतं. मोबाइल हाताला लागला तेव्हा काच फुटली होती आणि आत पाणी गेलं होतं. मी उठले आणि जीव खाऊन ओरडले, "माझा नवरा मरतोय रे तिकडे! त्याला ऐकवत होते मी!"

सगळं मैदान शांत होतं. गाणं संपलं होतं. आमची माणसं मान खाली घालून उभी होती, कडवं डोक्यात बसवत. मागची माणसंही, का ते न कळता, गप्प झाली होती. त्या शांततेत माझा एकटीचा आवाज. कावळ्याने खुर्चीतून माझ्याकडे पाहिलं. पोस्टमन लंगडत पुढे आला. "अरे, ही हवालदाराची बायको आहे," तो कोणाला तरी म्हणाला, आणि दाढीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात लाउडस्पीकरवरची बाई म्हणाली की आता भोपळ्याच्या बक्षिसाला सुरुवात होत आहे.

मी कोणाशीही न बोलता बस पकडली. बसमध्ये बसल्यावर ते माझ्या ध्यानात आलं. मी कडवं ऐकलं नव्हतं. एक शब्दही नाही. आयुष्यातलं शेवटचं कडवं माझ्या डोक्यावरून गेलं, आणि मी चिखलात मोबाइल शोधत होते.

वॉर्डात पोचले तेव्हा भेटायची वेळ संपत आली होती. नणंद कोपऱ्यातल्या स्टुलावर अपराध्यासारखी बसली होती. हवालदार उशीला टेकून माझीच वाट बघत होता.

"फोन केलास," तो म्हणाला.

"केला."

"तुला लाज नाही वाटली?"

"नाही वाटली."

"गिटार ऐकली. पहिली ओळ ऐकली. मग कोणीतरी म्हणालं, फोन खाली. आणि बंद." तो थांबला, श्वास गोळा केला. "कोण होता?"

"होता एक दाढीवाला मूर्ख."

"मूर्ख कसा? बरोबर केलं त्याने. मी असतो तर मीसुद्धा बंद केला असता."

मला वाटलं, पाण्याचा पेला उचलावा आणि भिंतीवर फेकावा. मी याच्यासाठी गुडघ्यावर आले होते, आणि हा त्याचीच बाजू घेत होता. वर चेहऱ्यावर काय तर समाधान. आपण मेल्यावरही नियम चालू राहणार म्हणून. पण मग त्याने डोळे मिटले, हात माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "तू पुढे ऐकलंस ना पण?"

"ऐकलं."

"मग सांग."

नणंद माझ्याकडे बघत होती. माझ्या नखांत अजून चिखल होता. मला आयुष्यात कधी दोन ओळी जुळवता आल्या नाहीत. दुकानाच्या दारावर ‘जेवणाची सुट्टी’ लिहायचं तरी मी मालकाला विचारते. मी गप्प बसले. त्याला वाटलं, मी मनात घोळवतेय. तो धीराने थांबला, आणि त्याचं ते थांबणं मला बघवेना. मग जे तोंडात आलं ते बोलून गेले. हंगामात दुकानात काम वाढलं की मी घरी जे सांगून निघायचे, तेच बहुधा.

"जेवायला थांबू नकोस, मला उशीर होईल.
दार नुसतं लोटून ठेव, कडी लावू नकोस.
मी आवाज न करता येईन,
तुझी झोप मोडणार नाही."

तो म्हणाला, "परत सांग." शब्द इकडचे तिकडे झाले असते तर तिथेच पकडली गेले असते. पण तेच शब्द आले, त्याच क्रमाने.

"जेवायला?" तो म्हणाला. "कावळ्याने जेवणाचं म्हटलं?"

"हो."

"तो तर वादळं, आगगाड्या, समुद्र, याच्या खाली कधी उतरला नाही."

"म्हातारा झालाय आता. खुर्चीत बसून गातो."

"हं. घरी बसायची सवय लागली असेल. कोणी बायकोही मिळाली असेल." त्याने डोळे उघडले. "खोटं तर सांगत नाहीस?"

"मी कशाला खोटं सांगू?"

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तेवढ्यात सिस्टरने घंटा वाजवली आणि मला उठावं लागलं.

सकाळी गेले तर नणंद म्हणाली, "वहिनी, दादा रात्रभर तेच म्हणत होता. म्हणतो, कडवं चांगलं आहे, पण कावळ्याचं वाटत नाही. कोणी आलं की विचारून घेतो." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. गुणाची आहे ती. पण माझ्या पायाखालची जमीन सरकली. पोस्टमन येणार होता. इतरही आले असते. आणि आमच्या माणसांना कोणी कडवं विचारलं तर ती खोटं सांगत नाहीत, यावर तर माझ्या नवऱ्याने अर्धं आयुष्य घालवलं होतं. तो जाणार हे मी कसंबसं गिळलं होतं. पण आपल्या बायकोने शेवटचं कडवं चुकवलं आणि वर आपल्याला बनवलं, हे कळून तो गेला असता तर मी स्वतःला तोंड दाखवू शकले नसते. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. कोणी आलं की बाहेरच्या बाहेर कटवायचं, असं ठरवलं.

दुपारी जिन्यावरून दाढीवाला वर आला. हातात सफरचंदांची पिशवी, डोळे सुजलेले. पोस्टमनने त्याला पत्ता दिला असणार.

"वहिनी," तो म्हणाला, "मी कसं सांगू तुम्हाला..."

"काही सांगू नकोस. तो झोपलाय. जा तू."

"कोण आहे गं?" आतून आवाज आला. खोल, पण स्पष्ट. आयुष्यभर याला हाका मारल्या तर ऐकू यायच्या नाहीत, आणि आज कान कसे तिखट.

"कोणी नाही!"

"मी काल मेळ्यात होतो," दाढीवाल्याने दारातून सांगितलं. भाबडेपणाने. "फोन मीच काढून घेतला."

"ये की मग. आत ये."

मला त्याला एक शब्द सांगायलाही वेळ मिळाला नाही. तो माझ्या पुढून आत गेला, पिशवी छातीशी धरून उभा राहिला आणि रडायला लागला. हवालदाराने त्याला हाताने बस म्हणून खूण केली.

"माफ करा," तो म्हणाला. "मला माहीत असतं तर..."

"माहीत असतं तरी काढूनच घ्यायचा. माफी कसली त्यात?" हवालदार थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिला. "काल तू पुढे होतास. कडवं ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"थांब. तू सांगू नकोस. मी म्हणतो. तू फक्त हो किंवा नाही म्हण."

मी खाटेचा दांडा धरला. नणंदेने खिडकीकडे तोंड केलं. हवालदाराने माझं कडवं म्हटलं. सावकाश, दोन-दोन शब्दांवर थांबत, एकही शब्द न चुकता. म्हणून झाल्यावर त्याने त्या पोराकडे पाहिलं. हवालदाराचा हिशोब साफ होता, समोरचा खोटं बोलणार नाही.

दाढीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. काल मी चिखलात किती वेळ होते, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्याने ओठ चावला. मी काहीच खूण केली नाही. करायची होती, पण मानच हलेना.

"हो," तो म्हणाला. "अगदी हेच."

"जेवणाचं?"

"जेवणाचंच. आम्ही सगळे चाटच पडलो. तो असं कधी म्हणत नाही ना." त्याने सफरचंदांची पिशवी खाटेवर ठेवली. "माझ्या बाजूचा तर रडायलाच लागला."

हवालदाराने मान उशीवर टाकली. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. "बघ," तो मला म्हणाला, "आणि मी उगीच तुझ्यावर संशय घेत बसलो."

मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर आले. दाढीवाला मागोमाग आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"मी कधी चुकीचं कडवं सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "कोणालाच नाही."

"माहीत आहे मला."

"वहिनी, तुम्ही तिथे होतात, पण तुमच्या कानावर पडलं नाही. म्हणजे न आल्यासारखंच. तुम्हाला सांगायला हवं मला." त्याने आवाज खाली आणला. "खरं कडवं सांगू?"

मला ते हवं होतं. किती हवं होतं ते मी सांगू शकत नाही. तरुणपणापासून मी एकही कडवं सोडलं नव्हतं, तापातलंसुद्धा मला घरपोच मिळालं होतं, आणि हे तर शेवटचं. माझे कान नुसते ताटकळले होते. पण एकदा का ते कानात शिरलं की आतला माणूस माझं कडवं म्हणेल आणि मला दर वेळी दुसरंच ऐकू येईल, हेही मला कळत होतं. त्याच्याजवळ बसून मला ते सोसलं नसतं.

तेवढ्यात सिस्टर औषधाचा ट्रे घेऊन आत गेली. दार अर्धं उघडंच राहिलं.

"सिस्टर, तुम्ही काल नव्हतात ना?" आतून हवालदाराचा आवाज आला. "मेळ्याला."

"आम्हाला कुठले हो मेळे?"

"मग जरा बसा. तुम्हाला सांगायला पाहिजे. नियम आहे."

"नको," मी दाढीवाल्याला म्हटलं. "सांगू नकोस."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हवालदाराने दम गोळा केला आणि सुरू केलं. जेवायला थांबू नकोस, मला उशीर होईल. मग बराच वेळ नुसता श्वास. दार नुसतं लोटून ठेव, कडी लावू नकोस. सिस्टर थांबली होती, ट्रेमधलं काही वाजत नव्हतं. मी आवाज न करता येईन. पुन्हा श्वास. तुझी झोप मोडणार नाही. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि ते कडवं पहिल्यांदा ऐकलं.